मॅनक्रिकची बायको कुठे आहे?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या फेब्रुवारीत युरोपात सुरू झाला. त्यात ‘होर्ड’च्या बाजूने खेळणारे बहुतेक जण दहाव्या पातळीच्या आसपास ‘बॅरन्स’ नावाच्या पिवळ्या, कोरड्या माळरानावर येऊन पडत. तिथल्या क्रॉसरोड्स या ठाण्यात मॅनक्रिक नावाचा एक ऑर्क उभा असे. डुकरतोंड्या शत्रूंशी लढताना त्याची आणि त्याच्या बायकोची चुकामूक झाली होती. तिला शोध, दक्षिणेकडे बघ, एवढंच तो सांगायचा. माळ अफाट आणि नकाशावर कसलीच खूण नाही. ती बाई अखेर सापडायची एका झोपडीपाशी, मेलेली. तिच्यावर कर्सर नेला तरी तिचं नाव येत नसे, नुसतं ‘मारहाण झालेला मृतदेह’ असं दिसे. कित्येक जण तिच्याशेजारून निघून जात आणि मग चॅनलवर विचारत, ‘मॅनक्रिकची बायको कुठे आहे?’

हे चॅनल त्या प्रदेशापुरतं होतं. बॅरन्समध्ये पाऊल टाकलं की माणूस आपोआप त्यात येई आणि बाहेर पडला की चॅनल सुटे. म्हणजे वाचणारे सगळे त्याच माळावर, कमीअधिक त्याच अवस्थेत भटकत असत. कुणी नीट रस्ता सांगे, कुणी मुद्दाम उलट दिशेला धाडी, तर कुणी मध्येच चक नॉरिसचे विनोद सुरू करी. पुढे ‘बॅरन्स चॅट’ हा शब्द फालतू बडबडीसाठी रूढ झाला. मला ते नाव अन्यायाचं वाटतं. मी तो माळ पायी तुडवला आहे. उडत्या वाहनाचा थांबा आधी एकदा पायी जाऊन उघडावा लागतो, हे मला त्याच बडबडीत कळलं. रॅप्टरांच्या कळपात एकटीने शिरायचं नाही, हेही तिथेच कळलं. खेळाने यातलं काही धड सांगितलं नव्हतं. ती शाळा कुणी काढली नव्हती, पण भरत होती.

ऑनलाइन खेळांत नवख्यांना शिकवण्याचा इतिहास म्हणजे कंपन्यांनी काढलेल्या योजनांचा इतिहास, असं सहसा समजलं जातं. मला तो निराळा दिसतो. जिथे जुन्या खेळाडूला नव्याची गरज होती तिथे शिकवणं आपसूक झालं. जिथे ती गरज संपली तिथे शिकवण्याला मुकुट चढवावे लागले.

सुरुवात इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातली. १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तिथल्या पीडीपी-१० संगणकावर एकाच वेळी अनेकांना खेळता येईल असा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. त्याचं नाव ‘मड’, म्हणजे मल्टि-युजर डन्जन. चित्र एकही नाही, सगळं जग अक्षरांत. सगळ्यांना ऐकू जावं असं काही बोलायचं असेल तर ‘शाउट’ अशी आज्ञा टाइप करायची. लढाईत मेलात तर पात्र कायमचं गेलं. लाखभर गुण जमवणारा ‘विझर्ड’ व्हायचा. त्याला कुणालाही एका आज्ञेसरशी ठार करता येई, पण खेळाची घडी सांभाळायची जबाबदारीही त्याच्याकडेच. विद्यापीठाबाहेरच्यांना मोडेमवरून आत यायची मुभा मिळाली तीही मध्यरात्रीनंतर, संगणकाला दुसरं काम नसताना. फोनचं बिल ज्याचं त्याने भरायचं. आत मोजकेच जण असत, त्यामुळे नवा आलेला टिकला तरच उद्या रात्री खेळायला कुणी असणार. बार्टल यांनी पुढे १९९६ साली एक निबंध लिहिला आणि खेळाडूंचे चार प्रकार केले: मिळवणारे, शोधणारे, गप्पा मारणारे आणि मारणारे. त्यातले चार प्रकार लोकांना पाठ असतात, पण निबंधाचा गाभा पुढे आहे. एका प्रकारच्या माणसांची संख्या हलली की बाकीच्यांची हलते, कुणीच स्वतंत्र नाही, असं तो सांगतो.

सप्टेंबर १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला तेव्हा माणसं मूठभर उरली नव्हती, हजारोंनी आत होती. तिथे बोललेलं पात्राच्या डोक्यावर उमटे आणि जवळपास उभ्या असणाऱ्यालाच दिसे. म्हणून ब्रिटन नावाच्या गावातल्या बँकेसमोर सदा गर्दी. विकणारे तिथे, विचारणारे तिथे आणि वेशीबाहेर लुटारू दबा धरून. मदतीची हाक दिली की निळ्या झग्यातला ‘काउन्सेलर’ प्रकट व्हायचा. हे काउन्सेलर कंपनीचे नोकर नव्हते. ते खेळाडूच होते, बिनपगारी. निळा झगा म्हणजे स्वयंसेवक आणि लाल झगा म्हणजे पगारी गेममास्टर, हे तिथल्या नवख्यालाही दोन दिवसांत कळे.

‘एव्हरक्वेस्ट’ १९९९ च्या मार्चमध्ये सुरू झाला. त्यातही ‘गाइड’ नावाचे स्वयंसेवक होते, पण मला मोल वाटतं ते लोकांनीच पाडलेल्या रिवाजांचं. मागे लागलेल्या राक्षसांची रांग घेऊन कुणी प्रदेशाच्या वेशीकडे पळू लागला की तो ‘ट्रेन!’ असं ओरडे. वेशीपाशी बहुधा नवखेच बसलेले असत आणि ती एक ओळ वाचून ते जीव वाचवत. मेलात तर सगळं सामान प्रेताबरोबर मेल्या जागी राही आणि ते आणायला उघडंबोडकं परत जावं लागे. जागा भयंकर असेल तर दुसऱ्या कुणाला आपलं प्रेत ओढून आणायची परवानगी द्यायची. त्यासाठी ‘कन्सेंट’ अशी आज्ञा होती आणि तिच्यापुढे त्या अनोळखी माणसाचं नाव लिहायचं. आपलं सगळं किडूकमिडूक ज्याच्या हाती द्यायचं त्याचा पाच मिनिटांपूर्वी परिचयही नसे. अशा उपकारांतून कितीतरी जुन्या-नव्यांच्या जोड्या जमल्या.

स्वयंसेवकांच्या व्यवस्थेला तडा गेला तो पैशाच्या प्रश्नावर. अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या चॅटखोल्या सांभाळणारे हजारो स्वयंसेवक होते. त्यांच्यापैकी काहींनी १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. पाळ्या ठरलेल्या, अहवाल द्यायचे, वरिष्ठ नेमलेले, मग हे काम नव्हे तर काय, असा त्यांचा सवाल होता. तो दावा २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटला. २००० साली अल्टिमाच्या माजी काउन्सेलरांनीही किमान वेतनासाठी कोलोरॅडोत दावा लावला. हौसेने केलेल्या कामाचे पैसे कसले मागता, असं तेव्हा अनेक खेळाडू म्हणाले. मी दावा करणाऱ्यांच्या बाजूची आहे. नवख्याचं महिन्याचं वर्गणीचं खातं टिकवून देणारा माणूस कंपनीच्या तिजोरीत भर घालतो आणि ठरल्या वेळी हजर राहायची सक्ती आली की ती चाकरी होते. या दाव्यांनंतर फुकटची मदत घेताना कंपन्या जपून पावलं टाकू लागल्या.

याच सुमारास एका खेळाने प्रश्न मुळातून सोडवून पाहिला होता. ‘अ‍ॅशरन्स कॉल’, नोव्हेंबर १९९९. त्यात कुणीही नवखा एखाद्या जुन्याला आपला ‘पेट्रन’ मानून त्याच्याशी निष्ठेची शपथ घेई आणि त्याचा ‘व्हॅसल’ होई. व्हॅसलने मिळवलेल्या अनुभवगुणांचा काही भाग पेट्रनला वरचा म्हणून मिळे. व्हॅसलच्या पदरचं काही कमी होत नसे. किती गुण वर जाणार हे शिष्याच्या निष्ठेच्या आणि गुरूच्या नेतृत्वाच्या कौशल्यावर ठरे. पेट्रनच्या वर त्याचा पेट्रन, त्याच्या वर आणखी कुणी आणि सगळ्यांत वर ‘मोनार्क’. चॅनलंसुद्धा याच उतरंडीवर बसवलेली: एका अक्षराची आज्ञा फक्त पेट्रनशी बोलायला, दुसरी आपल्या सगळ्या व्हॅसलांशी, तिसरी मोनार्कशी, चौथी गुरुबंधूंशी. बोलण्याच्या वाटा कुणी कुणाला शिकवायचं यावरून आखलेला असा दुसरा खेळ मला माहीत नाही. शिष्य वाढला की गुरू वाढतो, म्हणून गुरू त्याला चिलखत देई, हत्यार देई, अवघड गुहेत सोबत येई. नुसते गुण ओरपणारे पेट्रनही होते, पण शपथ मोडायची मुभा होती आणि वाईट पेट्रनची माणसं टिकत नसत. जानेवारी २०१७ च्या अखेरीस हा खेळ बंद झाला. त्याची ही युक्ती मोठ्या खेळांपैकी कुणी पुरती उचलली नाही, याची मला अजूनही हळहळ वाटते.

माझी स्वतःची शाळा ‘ईव्ह ऑनलाइन’. आइसलँडमधल्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी कंपनीने मे २००३ मध्ये काढलेला अंतराळाचा खेळ. जगभरचे खेळाडू एकाच विश्वात. मी तो खेळायला लागले तेव्हा कोल्हापुरात इंजिनिअरिंगला होते आणि आमच्याकडे बीएसएनएलचं डेटावन होतं. दिवसा मर्यादा, ती ओलांडली की प्रत्येक एमबीला पैसे आणि रात्री दोन ते सकाळी आठ मोकळं रान. त्या योजनेवर महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी रात्रीची जागली आहे. आमचा मोडेम सोप्यात, टेलिफोनच्या शेजारी. आई पाणी प्यायला उठली की म्हणायची, “अगं, झोप की आता. उजाडायला आलं.” पण आपले रात्रीचे दोन म्हणजे ईव्हच्या घड्याळात साडेआठ. युरोप जेवणं उरकून खेळायला बसलेला असे. स्वस्त इंटरनेटची वेळ आणि खेळातल्या गर्दीची वेळ एकच पडली. एसेक्सचे मोडेमवाले जसे अवेळी जागत होते तसेच आम्ही. त्यांना संगणक रात्रीच मोकळा मिळे, आम्हाला लाइन रात्रीच परवडे.

नव्या खात्याला ‘रूकी हेल्प’ नावाचं चॅनल आपोआप जोडलेलं असे. त्यात सीसीपीच्या आयएसडी या स्वयंसेवक दलाची माणसं बसत. त्यांच्या नावाआधीच ती तीन अक्षरं असत. प्रश्न ठरलेले. स्टेशनातून बाहेर कसं पडायचं? जहाज फुटलं, आता काय? उत्तर यायचं, घाबरू नका, जवळच्या स्टेशनात जा, हाताशी एकही जहाज नसेल तर नवख्याचं साधं जहाज फुकट मिळतं. रीपर, आयबिस, व्हेलेटर किंवा इम्पेअरॉर, ज्याच्या त्याच्या वंशाप्रमाणे. नवख्यांच्या ठरावीक सूर्यमालांमध्ये त्यांना लुबाडणं हा शिक्षेला पात्र गुन्हा होता. एरवी हा खेळ लुबाडणुकीला पूर्ण मोकळीक देतो, म्हणून त्या कुंपणाचं महत्त्व.

एक सल्ला मात्र त्या काळात सगळे डोळे मिटून द्यायचे आणि तो वाईट होता. ईव्हमध्ये कौशल्यं खऱ्या घड्याळाप्रमाणे शिकून होतात, तुम्ही खेळा की झोपा. त्यात ‘लर्निंग’ नावाचा एक गट होता, ज्याने पुढचं शिकणं लवकर होई. मग नवख्याला सांगितलं जाई, आधी काही आठवडे शिकण्याचंच शिक्षण घे, मग जहाजाचं बघ. उत्साहाने आलेला माणूस इतके दिवस काहीच न करता बसणार कसा? २०१० च्या अखेरीस कंपनीने तो गटच काढून टाकला. मदतीच्या चॅनलवर खेळातल्या दोषांचीही पाठांतरं होतात, हे मी तिथे पाहिलं.

खरं शिक्षण मला मिळालं ते ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’त. कंपनीने काढलेली नव्हे, खेळाडूंनी काढलेली. मॉर्निंग मॅनियॅक या नावाने खेळणाऱ्याने १५ मार्च २००४ रोजी ती स्थापन केली. तास व्हायचे, व्याख्यानं व्हायची, आणि बाहेरच्यांनाही शंका विचारता येतील असं वेगळं प्रश्नोत्तरांचं चॅनल होतं. त्या काळी खेळात कुणीही आठवड्याची फी भरून दुसऱ्या संघाविरुद्ध युद्ध पुकारू शकत असे. नवख्यांनी भरलेला संघ म्हणजे आयती शिकार, म्हणून युनिव्हर्सिटीवर युद्ध जवळजवळ कायमचंच. त्यांनी युद्धकाळाचे लेखी नियम केले आणि युद्धालाच वर्ग बनवलं.

प्रवासाचा एक तास मला लख्ख आठवतो. शिकवणारा स्कॉटलंडमधला ट्रकचालक होता. आवाज खर्जातला, उच्चार मला निम्मे कळायचे, म्हणून तो महत्त्वाचं ते चॅटमध्ये टाइपही करायचा. म्हणाला, ‘लोकल’ उघडा आणि कुणी काही बोलू नका. फक्त नावं वाचा. ‘लोकल’ हे त्या सूर्यमालेचं गप्पांचं चॅनल. पण कुणी एक अक्षर बोललं नाही तरी आत असलेल्या प्रत्येकाचं नाव त्याच्या यादीत दिसतं. म्हणजे गप्पांची खिडकी हाच टेहळणीचा बुरूज. शेवटून दुसरं नाव आत्ताच वाढलं, बघितलंत? तो मित्र आहे का? नाही. मग सूर्यापासून दूर एका ग्रहाकडे जहाजाचं तोंड करून ठेवा आणि स्कॅनरचं बटण दाबत राहा. दर थोड्या सेकंदांनी. तो स्कॅनर १४.३ खगोलीय एककांपर्यंत बघतो, त्यापलीकडचं कळत नाही. बोटं दुखेपर्यंत आम्ही ते बटण दाबलं. पुढे मार्च २००९ मध्ये खेळात वर्महोलचा प्रदेश आला, तिथे माणूस स्वतः बोलेपर्यंत ‘लोकल’मध्ये त्याचं नाव येत नाही. या तासाला बसलेल्यांना ते ऐकून घाम फुटला, कारण डोळेच काढून घेतल्यासारखं झालं.

हा ट्रकचालक रात्री-अपरात्री आम्हाला का शिकवत होता? चांगला माणूस होता हे खरंच, पण तेवढं पुरत नाही. ईव्हच्या लढाईत मोठं जहाज पळून जाऊ नये म्हणून कुणीतरी त्याचं इंजिन जाम करून धरावं लागतं. त्याला ‘टॅकल’ म्हणतात. हे काम एका स्वस्त फ्रिगेटमधला आठवड्याभराचा नवखाही करू शकतो. तो बहुधा मरतो, पण तोवर त्याने धरलेल्या युद्धनौकेवर बाकीचे तुटून पडतात. म्हणजे वर्षानुवर्षं खेळणाऱ्या सेनापतीला नवखा खरोखर हवा असतो. मोठमोठे संघ नवख्यांना अशी जहाजं फुकट वाटतात आणि फुटली की बदलून देतात. कोल्हापूरच्या तालमीत जोडीला कुणी नसेल तर कसलेल्या पैलवानाचाही सराव अडतो, म्हणून पोराला डाव शिकवण्यात वस्तादाचा स्वार्थही असतोच. ईव्हमधलं शिकवणं इतकं टिकाऊ ठरलं त्यामागे हाच स्वार्थ आहे आणि मला त्यात कमीपणाचं काही वाटत नाही.

वॉरक्राफ्टमध्ये नेमका उलटा प्रवास झाला. डिसेंबर २००९ च्या ३.३ क्रमांकाच्या सुधारणेत दोन गोष्टी एकदम आल्या. मोहिमेची जागा नकाशावर आपोआप दिसू लागली आणि गुहेत न्यायला चार सोबती यंत्रच जमवून देऊ लागलं, तेही निरनिराळ्या सर्व्हरांवरून. दोन्ही सोयी लोकांनी मागितलेल्या आणि रात्री तासभरच मोकळा मिळणाऱ्या नोकरदाराला त्या वरदानच होत्या. पण रस्ता विचारायची गरज गेली आणि सोबतीसाठी गोड बोलायचीही. वर्षभराने बॅरन्सचे दोन तुकडे झाले. मॅनक्रिकच्या बायकोला कंपनीने पुढे नाव दिलं, ओल्ग्रा. तोवर तिचा पत्ता विचारणारे उरले नव्हते.

मग कंपन्यांनी हरवलेलं ते मुद्दाम घडवायला घेतलं. ‘फायनल फँटसी चौदा’मध्ये फेब्रुवारी २०१६ ला ‘नॉव्हिस नेटवर्क’ आलं. नवख्याच्या नावापुढे कोवळं पान असतं. जपानमध्ये नव्या वाहनचालकाने गाडीला लावायचं पिवळं-हिरवं चिन्ह १९७२ पासून आहे, त्याचीच ही छाया. जुन्यांनी अटी पुऱ्या केल्या की ते ‘मेंटॉर’ होतात आणि त्यांच्या नावापुढे मुकुट येतो. नवख्याला चॅनलमध्ये बोलवायचं आणि तिथून काढायचंही त्यांच्या हाती. मेंटॉर म्हणून २,००० मोहिमा पार पाडल्या की बसायला एक दुर्मीळ प्राणी मिळतो. व्हायचं तेच झालं. अनेकांना नवखा नको होता, प्राणी हवा होता. मुकुट दिसला की सावध होणारे खेळाडू निर्माण झाले आणि मुकुटाची टिंगल होऊ लागली. त्या गर्दीत मनापासून शिकवणारे होते, आजही आहेत, आणि त्यांना या टिंगलीचा भुर्दंड पडतो याचं मला वाईट वाटतं. ऑक्टोबर २०२० मध्ये वॉरक्राफ्टनेही ‘न्यूकमर चॅट’ काढलं: नवं खातं आपोआप आत, निवडलेले गाइड सोबतीला आणि विसाव्या पातळीला निरोप. बॅरन्समध्ये कुणीही न ठरवता मिळत होतं ते आता अर्ज-अटींसह.

दरम्यान बरंचसं बोलणं खेळातून बाहेर, २०१५ मध्ये आलेल्या डिस्कॉर्डवर गेलं. आपल्याकडची मोबाइलवर खेळणारी पोरं तर माइकवरच शिकतात, चार अनोळखी एका संघात पडतात आणि सामना संपला की पांगतात. तिथे कुणाला कुणाची दुसऱ्या दिवशी गरज नसते.

मी अजून ईव्हमध्ये जाते, आता पुण्याहून आणि रात्रीच्या योजनेशिवाय. मध्यंतरी मदतीच्या चॅनलवर इंग्रजीत अडखळणारं एक पोर दिसलं. गाव विचारलं तर नाशिक. मग वेगळी खिडकी उघडून मराठीत सुरुवात झाली. “ताई, जहाज फुटलं, सगळे पैसे गेले.” मी म्हटलं, “सगळे नाही जात रे. स्टेशनात जा, एक फुकट मिळेल.” त्याला स्वस्त फ्रिगेट घेऊन दिली, इंजिन जाम करायचं यंत्र बसवून दिलं आणि ‘लोकल’ची यादी वाचायला लावली. आमच्या ताफ्याला त्या आठवड्यात टॅकल करणारे कमी पडत होते. शनिवारी तो आला, पहिल्याच झटापटीत फुटला, पण त्याने धरलेलं क्रूझर आम्ही पाडलं. त्यानंतर त्याने विचारलं, “ताई, पुढचा ताफा किती वाजता?”